दोन सीड्यांची फिरकी

हे लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तेही इंजिनिअरिंगच्या, जिथे चार वर्षांत लिहायचे ते फक्त प्रयोगांचे अहवाल. शाळा गुजराती माध्यमाची. मराठी घरात शिकलो. बोलायला आई-पप्पांकडून आणि वाचायला आईने जपून ठेवलेल्या जुन्या दिवाळी अंकांतून. त्यामुळे मधेच एखादा गुजराती शब्द घुसला असेल, एखादं वाक्य वाकडं झालं असेल. आईने हे कागद वाचून पेन्सिलीने दुरुस्त केले आहेत. पेनाने का नाही, असं विचारलं तर म्हणाली, "माझंही चुकत असेल. खोडता आलं पाहिजे."

माफीचं दुसरं कारण जास्त मोठं आहे. मी एका शोधाविषयी लिहितो आहे. शोध लहानसा, तळहातावर मावणारा. तो माझा नाही, माझ्या पप्पांचा आहे, आणि एकदा भर गर्दीत मी तो माझा म्हणून सांगितला होता.

पप्पा फायबर केबलचे जॉइंटर आहेत. केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा टोकाला टोक लावून जोडायच्या, म्हणजे त्यांतून प्रकाश जातो आणि प्रकाशाबरोबर लोकांचं इंटरनेट. तार जोडण्याआधी तिचं टोक कापावं लागतं. कापताना उडालेले काचेचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण कातडीत शिरतात. पप्पा शर्टाच्या बाहीवर चिकटपट्टीचा तुकडा उलटा लावून ठेवतात आणि कण त्यावर टिपतात. तरी काही राहतातच. म्हणून घरी आले की आधी ते स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे राहतात. आई कणकेचा एक ओला गोळा त्यांच्या तळव्यांवर, बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडांवर फिरवते. कण कणकेला चिकटून येतात. मग तो गोळा कागदात बांधून कचऱ्यात.

"आज किती काच आणली?" आई विचारते.

"थोडीच. अलकापुरीत, बंगलेवाल्यांकडे काम होतं. तिथली काचसुद्धा सभ्य असते."

बराच काळ मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी वडील असे हात दाखवून मग जेवायला बसतात.

फायबरच्या आधी पप्पा रावपुऱ्यात एका फोटो-व्हिडिओ स्टुडिओत होते. आजोबा खानदेशातून रेल्वेत लागले म्हणून आम्ही बडोद्याचे झालो, पण पप्पांना रेल्वेत जमलं नाही आणि ते स्टुडिओत गेले. लग्नांच्या सीड्या लिहिण्याचं काम त्यांचं. एका लग्नाच्या चार-पाच सीड्या व्हायच्या. प्रत्येकीवर पप्पा काळ्या मार्करने लिहायचे: हळद १, हळद २, लग्न १, लग्न २, वरात. सीडी लिहिली जात असताना त्या संगणकाला कुणी हात लावला तर ती बिघडायची. लेझरचा किरण चकतीवर खुणा जाळत जातो, मधे अडखळला तर पुन्हा मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे ती पंधरावीस मिनिटं पप्पा खुर्चीवर हात बांधून बसायचे आणि मालकालाही जवळ येऊ द्यायचे नाहीत. मी तेव्हा लहान होतो. शाळा सुटल्यावर कधी तिथे गेलो तर मलाही हात बांधून बसायला लावायचे.

मग पेन ड्राइव्ह आले. मग लोक लग्न मोबाइलवरच मागायला लागले. स्टुडिओ बंद झाला त्या दिवशी मालक म्हणाले, काय हवं ते घेऊन जा. पप्पा तीन डबे भरून बिघडलेल्या सीड्या घेऊन आले.

आईने डबे उघडून पाहिले. "बारा वर्षं काम केलंत, आणि आणलंत काय, तर नासलेली हळद!"

"कामाला येईल," पप्पा म्हणाले.

दोन सीड्या गॅलरीत कबुतरांना घाबरवायला टांगल्या गेल्या. कबुतरं त्यांच्यात तोंड बघू लागली. बाकीचे डबे माळ्यावर.

पप्पांना शेजारच्या एका काकांनी फायबरच्या कामाला लावलं. काका गुजराती, वयाने मोठे, आजही दोघे जोडीनेच काम करतात. आधी खड्डे खणणं, मग केबल ओढणं, आणि दोन वर्षांनी जोडणीचं मशीन हातात आलं. पप्पा नववी नापास. तरी मशीनच्या पडद्यावर दोन तारांची टोकं समोरासमोर आली की ते नुसतं बघून सांगतात, "ही धरणार नाही, परत कापा." काका म्हणतात, "तारा बापानी आंखमां मायक्रोस्कोप छे." म्हणजे तुझ्या बापाच्या डोळ्यातच सूक्ष्मदर्शक बसवलाय.

फायबरची एक अडचण असते. ती फार वाकवली की तिच्यातला प्रकाश बाहेर गळतो. मी सहावीत असताना पप्पांनी मला ते दाखवलं होतं. त्यांच्याकडे पेनासारखं एक लाल दिव्याचं यंत्र असतं. ते तारेच्या एका टोकाला लावलं की लाल प्रकाश आतून निघून जातो, तार बाहेरून काळोखीच राहते. पण पप्पांनी तार बोटाभोवती घट्ट गुंडाळली आणि बोटापाशी ती लालभडक झाली.

"बघ, इथे गळतंय," ते म्हणाले. "हेच कुणाच्या घरी झालं की त्यांचा व्हिडिओ अडकतो, आणि शिव्या मला."

पुढे बारावीत पूर्ण आंतरिक परावर्तनाचा धडा आला. विशिष्ट कोनापेक्षा कोन कमी झाला की प्रकाश काचेतून बाहेर पडतो. मी मोठ्या उत्साहाने पप्पांना आकृती काढून समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे वाकवलं की गळतं. बराबर." मला तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं. आता हसू येतं.

नवीन इमारतीत फायबर टाकताना काही मीटर जास्तीची तार मागे ठेवावी लागते, पुढे तुटली तर जोडता यावी म्हणून. ही जास्तीची तार डब्यात कशी ठेवायची हाच प्रश्न. घाईत असलेली माणसं ती चार बोटांवर गुंडाळतात, दोरी आवळतात आणि डब्याचं झाकण दाबून लावतात. दोन महिन्यांनी तक्रार येते.

एका उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, आम्ही सगळे गच्चीवर होतो. मी फिरकी धरली होती, पप्पा पतंग उडवत होते. पतंग कापला गेला आणि पप्पा मांजा परत ओढायचा सोडून माझ्या हातातल्या फिरकीकडेच बघत राहिले. आई ओरडली, "अहो, मांजा खाली चाललाय, लुटतील पोरं!" पप्पांनी लुटू दिला. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून डबा खाली आला. पप्पांनी पाण्याच्या जाड पाइपाची दोन बोटं रुंदीची चकती करवतीने कापली आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक नासलेली सीडी चिकटवली. झाली फिरकी. पाइप जाड, त्यामुळे तार त्याच्याभोवती कितीही गुंडाळली तरी फार वाकत नाही. दोन्ही बाजूंच्या सीड्यांमुळे ती निसटत नाही.

त्यांच्या जॉइंटर लोकांत ती लगेच पसरली. या कामात कुणी युक्ती लपवून ठेवत नाही, कारण आज तुम्ही लावलेला डबा उद्या दुसराच कुणी उघडणार असतो. पप्पांनी कित्येकांना ती करायला शिकवली, आणि सीड्याही वाटल्या. बडोद्यातल्या गोत्रीच्या कितीतरी सोसायट्यांच्या भिंतीत लोकांच्या हळदी बसल्या आहेत, त्या लोकांना माहीत नाही.

गोत्रीतच एकदा एका फिरकीवर तार तुटली. तारेचं आतलं टोक पाइपाच्या चिरीतून बाहेर काढून मग गुंडाळायचं असतं, आणि चीर सरळ असल्यामुळे तिथे काटकोन होत होता. पप्पांनी चीर तिरकी कापून पाहिली. मला म्हणाले, "गल्लीतून रिक्षा एकदम काटकोनात मोठ्या रस्त्यावर घातली तर? तिरकी काढली की हळूच मिसळते. प्रकाशाला वळण चालतं रे, झटका चालत नाही." तिरकी चीर करवतीने कापायला वेळ लागतो, त्यामुळे बाकीच्यांनी ती उचलली नाही. ते सरळच कापत राहिले.

त्याच सुमारास पप्पा डभोईच्या बाजूला केबलच्या कामावर गेले होते. तिथे कंपनीचे एक तरुण साहेब आले, त्यांना फिरकी आवडली, त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. पप्पांनी ती फिरकी त्यांनाच देऊन टाकली. घरी येऊन कणकेसाठी हात पुढे करत म्हणाले, "आज माझा फोटो काढला. पण हाताचा, तोंडाचा नाही."

"बरं झालं," आई म्हणाली. "तोंड छापण्यासारखं कुठे आहे?"

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी प्रकल्पांचं प्रदर्शन होतं. माझ्या वर्गातल्या मुलांचे भाऊ, वडील, मामा कुणी ना कुणी इंजिनिअर. त्यांच्या टेबलांवर रोबोट होते, सेन्सर होते. मला काही सुचेना. शेवटी मी फिरकी घेतली, कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर तिला नीट आकार दिला, वर झाकण केलं. चीर तिरकीच ठेवली. एक सरळ चिरीची, एक तिरक्या, अशा दोन फिरक्यांवर सारखीच तार गुंडाळून प्रकाश किती पोहोचतो ते मोजून तक्ता केला. शेजारी पप्पांची सीड्यांची फिरकीही ठेवली, पाटीवर लिहिलं, 'प्राथमिक नमुना.'

परीक्षक आले. सोबत आमच्या मार्गदर्शक मॅडम होत्या. मॅडम बडोद्याच्याच, त्यांच्या घरी मराठी, त्यामुळे माझ्याशी मराठीतच बोलतात.

"अरे, छान आहे हे. ही कल्पना तुझी?"

आजूबाजूला रोबोट फिरत होते. माझ्या वर्गातली मुलं बघत होती. मी मान हलवली. मग हिंदीत परीक्षकांना सांगायला लागलो, मला असं सुचलं, मी असं केलं.

मी मान वर केली तेव्हा पप्पा समोर होते. अलकापुरीतल्या कामावरून जेवणाच्या सुट्टीत आले होते. अंगात कंपनीचा टी-शर्ट, बाहीवर चिकटपट्टी. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी बोलायचा थांबलो.

पप्पांनी माझ्याकडे बाहेरच्या माणसासारखं पाहिलं आणि विचारलं, "भाई, ये चीर टेढी क्यूँ रखी है?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. घाबरून मी चिरीविषयी सांगायचंच विसरलो होतो, आणि तीच तर खरी गोष्ट होती. मी सांगितलं, काटकोन, झटका, गळती. गल्ली आणि रिक्षासुद्धा. परीक्षक पुढे वाकले, चिरीवरून बोट फिरवून पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं. पप्पा "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि पुढच्या टेबलावरच्या रोबोटकडे वळले. जाताना त्यांनी ओळख दाखवली नाही. मला त्यांची लाज वाटू नये म्हणून त्यांनी तसं केलं असावं. मला दुसरं बक्षीस मिळालं.

संध्याकाळी आई त्यांच्या हातांवर कणीक फिरवत होती. पप्पा म्हणाले, "रिक्षाचं चांगलं सांगितलंस." एवढंच. त्यांच्या बोलण्यात राग शोधत मी जेवलो. सापडला नाही.

दोन दिवसांनी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. फिरकी पप्पांची आहे, आणि त्या दिवशी ते टेबलासमोरच उभे होते, हे सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून ठेवला.

"तो माणूस? टेढी का म्हणून विचारणारा? ते तुझे वडील?"

"हो."

"आणि तू गप्प उभा राहिलास."

"हो, मॅडम."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "बक्षीस परत द्यायचं का ते तू ठरव. माझं म्हणशील तर पेटंटचा अर्ज करू या. शोधकर्ता म्हणून वडिलांचं नाव."

बक्षिसाची ढाल मी परत केली. पण अर्जाचं ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचेना. पप्पांचं नाव आजवर त्यांच्या कुठल्याच कामावर आलेलं नव्हतं. सीड्यांवर स्टुडिओचं नाव असायचं, टी-शर्टवर कंपनीचं, तक्रार मिटल्यावर ग्राहकाला जाणाऱ्या मेसेजमध्ये नुसता कर्मचारी क्रमांक. एका तरी सरकारी कागदावर 'शोध कुणाचा' या प्रश्नापुढे त्यांचं नाव असावं, एवढंच मला हवं होतं. मी हलवलेली मान त्याने सरळ होईल असं वाटत होतं.

मॅडमनी पप्पांना बोलावून घेतलं. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"साध्या फिरकीचं काही होणार नाही," मॅडम म्हणाल्या. "ती तुम्ही सगळ्यांना शिकवलीत. पण तिरकी चीर? ती कुणाकुणाला दाखवली?"

"काकांना. बाकी कुणाला नको असते ती, वेळ खाते."

"आठवून सांगा. अर्जाआधी ती कुठे छापून आली असेल तर ती नवी राहत नाही. तुमची स्वतःची असली तरी."

पप्पा हसले. "मॅडम, आमचं कोण छापणार?"

मीही हसलो. आमच्या कॉलेजच्या प्रदर्शनाचंही मॅडमनी विचारून घेतलं, त्यातून नियमात वाट निघते म्हणाल्या. डभोई आम्हा दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आली नाही. आमच्या लेखी तो हाताचा फोटो होता. त्या हातात काय होतं हे आम्ही विसरलो होतो.

अर्ज टाइप होऊन हातात आला तेव्हा पप्पांनी आपलं नाव तीन वेळा वाचलं. सही करण्याआधी कोऱ्या कागदावर सराव केला. आईने त्या पानाची झेरॉक्स काढून देवघरामागे ठेवली. काका सगळीकडे सांगत सुटले, "हवे साहेब साथे बोलवानुं संभाळीने," आता साहेबाशी जपून बोलायचं. पप्पा शिडीवर असले तरी काका खालून हाक मारायचे, "ओ शोधक! पकड आपो!" म्हणजे पकड खाली द्या.

मग वाट बघणं. मी चौथ्या वर्षाला गेलो. आई अधूनमधून विचारायची, "आलं का रे काही?" पप्पा कधीच विचारायचे नाहीत. फक्त मी मोबाइलवर मेल बघत असलो की त्यांचा घास हातात थोडा थांबायचा.

गेल्या आठवड्यात काकांना ताप होता म्हणून शिडी धरायला मी पप्पांबरोबर गोत्रीला गेलो. एका सोसायटीत तक्रार होती. पप्पा वर चढले, भिंतीतला डबा उघडला. आत त्यांचीच जुनी फिरकी होती, ती ठीक होती. तार पलीकडे कुठेतरी उंदराने कुरतडली होती. पप्पा मीटर लावत होते तेवढ्यात मॅडमचा मेल आला. पेटंट कार्यालयाचा तपासणी अहवाल जोडलेला होता. वर मॅडमनी लिहिलं होतं, 'वाईट वाटतं, पण यापुढे मार्ग दिसत नाही. शेवटचं पान नक्की बघ.'

एका हाताने शिडी धरून मी वाचलं. तिरकी चीर नवी नाही. अर्जाच्या बऱ्याच आधी एका प्रशिक्षण पुस्तिकेत ती सचित्र छापली गेली आहे. पुरावा म्हणून पुस्तिकेचं पान जोडलं होतं. मी चित्र मोठं केलं. काळापांढरा फोटो, त्यात फिरकी धरलेला एक हात. बाहीवर चिकटपट्टीचा तुकडा. पाइपाची चीर तिरकी. आणि वरच्या सीडीवर, मार्करने, मी लहानपणापासून ओळखतो त्या अक्षरात, 'हळद २'.

"पप्पा," मी म्हणालो, "उत्तर आलं."

मीटरवरचे त्यांचे हात थांबले. "काय म्हणतात?"

"नाही म्हणतात. आधीच कुणीतरी केलंय. पुस्तकात छापलंय."

"असं." मीटर बंद करत त्यांनी विचारलं, "कुणी केलं?"

मी मोबाइल वर धरला. पप्पा दोन पायऱ्या खाली उतरले, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि बघत राहिले.

"डभोई," ते म्हणाले.

"हो."

"खाली काय लिहिलंय?"

"'स्थानिक जॉइंटरची पद्धत.'"

"नाव?"

"नाही, पप्पा. नाव नाही."

त्यांनी पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. खिशातून त्यांचा फोन काढला आणि शिडीवर उभ्याउभ्याच आईला लावला.

"अगं, ऐक," ते म्हणाले. "पेटंट नाही मिळालं. पण तो डभोईचा फोटो छापलाय त्यांनी. हो, हाताचाच."